विश्लेषण : महिनाभर चालून मदतनिधी कसा उभा राहतो? मावळ-लोणावळ्यात कुठे चालाल?

रोज ठरावीक अंतर चालायचे किंवा धावायचे आणि त्यातून संस्थेसाठी निधी जमवायचा, असे हे महिनाभराचे ‘चॅलेंज’. अभिनेता मिलिंद सोमणने २०१२ मध्ये ‘ग्रीनेथॉन’ या पर्यावरण मोहिमेसाठी दिल्ली ते मुंबई १,५०० किलोमीटर अंतर ३० दिवसांत धावून पार केले. म्हणजे रोज सरासरी ५० किलोमीटर! तुम्हाला मात्र ५ किलोमीटरही पुरेसे आहेत.

गणित काय?
रोज ५ म्हणजे महिन्याला १५० किलोमीटर. रेल्वेने लोणावळा-पुणे जाऊन-येऊन सुमारे १२८ किलोमीटर होतात, त्याहून जास्त. २० परिचितांनी किलोमीटरमागे २ रुपये दिले, तर ६ हजार रुपये जमतात. दर आणि संस्था सुरुवातीआधीच ठरवा.

पैसे कोणाकडे द्यायचे?
थेट संस्थेच्या खात्यात. चाललेले अंतर ॲपवर दिसते, पैशांचा हिशेब मात्र पावतीवरच दिसतो. २ हजारांहून अधिक रोख देणगीवर करवजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही.

चालायचे कुठे?
द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना बंदी आहे. जुन्या महामार्गापेक्षा गावातले अंतर्गत रस्ते बरे. शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची गर्दी होण्याआधी, पहाटेच निघा. समोरची वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चाला. पावसाळी धुक्यात चमकणारे जॅकेट हवेच.

एखादा दिवस चुकला तर?
दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका. राहिलेले अंतर उरलेल्या दिवसांत वाटून घ्या.