लायब्ररी बसवली, आता काढायची कशी?

दापोडी म्हटलं की आधी एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते, मग लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय. पण इथून भोसरी-चाकणकडे कामाला जाणाऱ्या पोरांच्या हाती व्हर्नियरच्या जोडीला आता कॅमेराही आलाय. जॉबला भोक बरोबर पडलंय का, आटे आहेत का, कडेला बर राहिलीय का, हे फोटोवरून तपासायचं, तर त्यामागे अनेकदा एक मोफत लायब्ररी असते: ओपनसीव्ही. इंटेलमध्ये १९९९ साली गॅरी ब्रॅडस्की यांनी तिचं काम सुरू केलं. कडा शोधणं, गोलाचा व्यास मोजणं अशी कामं तिच्यात तयार मिळतात.

ती बसवायला सगळे शिकवतात, काढायला फारसं कुणी शिकवत नाही. माझ्या मते खरं शिक्षण काढण्यातच आहे, कारण लायब्ररी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं बाहेर काढावी लागते.

उबंटू या लिनक्स प्रणालीवर या वाटा तीन. पहिली ‘ॲप्ट’ची. एक आज्ञा दिली की लायब्ररी आणि तिला लागणाऱ्या बाकीच्या फायली येतात, आणि कुठली फाइल कुठं ठेवली याची नोंद राहते. ‘रिमूव्ह’ म्हटलं की लायब्ररी जाते, ‘पर्ज’ म्हटलं की तिच्या सिस्टीममधल्या सेटिंगच्या फायलीही जातात, आणि ‘ऑटोरिमूव्ह’ तिच्यासोबत आलेल्या, आता कुणालाच नको असलेल्या गोष्टी साफ करतं. अडचण एवढीच की आवृत्ती जुनी मिळते. उबंटू २२.०४ वर ४.५.४, तर २४.०४ वर ४.६.

नवी हवी म्हणून पोरं दुसऱ्या वाटेला जातात: सोर्स उतरवायचा, ‘सीमेक’ चालवायचं, मग ‘मेक इन्स्टॉल’. इथंच घोळ होतो. या फायली ‘युजर-लोकल’ फोल्डरात जातात आणि ॲप्टला त्यांचा पत्ताच नसतो. यादी असते ती बिल्ड फोल्डरातल्या ‘इन्स्टॉल मॅनिफेस्ट’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ‘मेक अनइन्स्टॉल’ तीच वाचून एकेक फाइल उडवतं. डिस्क भरली म्हणून बिल्ड फोल्डर पुसलं, तर यादीही गेली. तरी उपाय आहे. तीच आवृत्ती, तेच पर्याय देऊन पुन्हा बिल्ड आणि इन्स्टॉल करायची. यादी नव्यानं तयार होते, मग तिच्या आधारे काढायची. हे न करता वर ॲप्टची आवृत्तीही टाकली, तर प्रोग्रॅम हेडर एकीची घेतो आणि चालताना फाइल दुसरीची शोधतो.

तिसरी वाट पायथनच्या ‘पिप’ची. ‘ओपनसीव्ही-पायथन’, ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘हेडलेस’ ही वेगवेगळी पॅकेजं एकाच ‘सीव्हीटू’ फोल्डरात बसतात. दोन टाकली आणि एक काढलं, तर उरलेल्याच्याही फायली जातात आणि ते चालेनासं होतं. अशा वेळी सगळीच काढून हवं ते एकच पुन्हा टाकायचं. सोबत आलेली ‘नमपाय’ ही लायब्ररी मात्र पिप काढत नाही. म्हणून प्रत्येक कामाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं. नको झालं की अख्खं फोल्डर पुसता येतं. उबंटू २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपनं काही टाकायला गेलं, तर ते मुळातच अडवतं. ही अडवणूक चांगलीच आहे, कारण उबंटूची स्वतःची साधनंही त्याच पायथनवर चालतात. नवीन पायथन हवं म्हणून जुनं उडवणाऱ्यांचा डेस्कटॉपच गायब होतो.

असंच काहीसं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जगानं पाहिलं. यूट्यूबवरच्या लायनस सेबॅस्टियन यांनी उबंटूवरच बेतलेल्या पॉप ओएस या प्रणालीवर स्टीम हा गेमिंगचा प्रोग्रॅम टाकायला घेतला. पॅकेजमध्ये चूक होती, त्यामुळे त्यासोबत डेस्कटॉपच काढला जाणार होता. ॲप्टनं तसा इशारा दिला आणि संमतीचं एक पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्यांनी ते केलं, आणि डेस्कटॉप गेला. पुढे ॲप्टनं ही वाट आणखी अवघड केली. ‘रिमूव्ह होणाऱ्या गोष्टी’ ही यादी एंटर दाबण्याआधी शेवटपर्यंत वाचायची ती यासाठी.

काढून झाल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ चालवा, म्हणजे सिस्टीमची लायब्ररींची यादी ताजी होते. त्या यादीत ओपनसीव्हीचं नाव शोधा. पायथनमध्ये सीव्हीटू इम्पोर्ट करून पाहा. इम्पोर्ट झालंच, तर त्याला फाइलचा पत्ता विचारा. फाइल ‘युजर-लोकल’मध्ये निघाली की घरच्या फोल्डरात, यावरून अजून कुठल्या वाटेची लायब्ररी उरलीय ते कळतं.