हेडमास्तरांनी लिहिलेली नाटके

पिंपरीच्या संत तुकारामनगरात आचार्य अत्रे यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. हिंजवडी-वाकडकडची मंडळी वाहतुकीचा धसका घेत का होईना, तिथे नाटकाला जातात. पण ज्यांचे नाव दारावर झळकते ते गृहस्थ मुळात हेडमास्तर होते आणि त्यांनी खास शाळेतल्या मुलांसाठी नाटक लिहिले होते, हे कितीजणांच्या ध्यानात असते? ‘तो मी नव्हेच’ आणि ‘लग्नाची बेडी’ सगळ्यांना ठाऊक. ‘गुरुदक्षिणा’चे नाव मात्र फारसे कोणी काढत नाही.

पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत अत्रे मुख्याध्यापक होते. १९२८ साली ते लंडनहून शिक्षकी पेशाची टी. डी. ही पदविका घेऊन परतले आणि १९३० साली मुलांसाठी ‘गुरुदक्षिणा’ हे नाटक लिहिले. रोज वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. मुलाच्या तोंडात जे वाक्य बसत नाही, ते त्याच्या डोक्यातही बसत नाही. पुढे ‘नवयुग वाचनमाले’तून त्यांनी धड्यांची भाषा मुलांच्या बोलण्याजवळ आणली. ‘दिनूचे बिल’ हा धडा वाचून डोळे पुसलेले आजी-आजोबा आजही घरोघरी भेटतील.

नाटकाच्या धंद्यात अत्र्यांचे नाव झाले तेही ‘बालमोहन’ या मंडळीमुळे. दामूअण्णा जोशी यांच्या या कंपनीत कोवळ्या वयाची मुले नट म्हणून घेतली जात. १९१८ साली जन्मलेले छोटा गंधर्व वयाच्या दहाव्या वर्षी तिथे दाखल झाले. या कंपनीसाठी अत्र्यांनी १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ लिहिले. नमस्कार घालण्याच्या वेडाने झपाटलेले रावबहादूर आणि नाना छंदांनी पछाडलेले त्यांचे घर, एवढ्या भांडवलावर मराठी प्रेक्षक पोट धरधरून हसला. मोठ्यांच्या वेडाची टर उडवायला तरुण पोरांइतके लायक दुसरे कोण असणार?

अत्र्यांचा दुसरा हातखंडा म्हणजे परक्या विनोदाला मराठी घरात आणून बसवणे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६८ साली रंगवलेला कंजूष त्यांच्या हाती ‘कवडीचुंबक’ झाला. ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ हे १८९२ सालचे इंग्रजी नाटक ‘मोरूची मावशी’ होऊन आले. मूळ नाटकात ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी प्रेमात पडतात, घरात वडीलधारी बाई हवी म्हणून मित्रालाच मावशीचा वेश चढवतात आणि मग एकच धांदल उडते. १९८५ नंतर विजय चव्हाणांनी ही मावशी इतकी गाजवली, की ती मुळात परदेशातली, असे सांगितले तर मुले विश्वास ठेवत नाहीत. रूपांतराची याहून मोठी पावती कोणती?

हे सगळे आज आठवायचे कारण आमच्या भागातली गॅदरिंगे. हिंजवडीत एकेकाळी भातखाचरे होती, आता टोलेजंग इमारती आहेत. आमच्या सोसायटीत देशातल्या दहा प्रांतांची मुले एकत्र खेळतात. गणपतीत ती रंगमंचावर येतात, झगमगीत कपडे घालतात, ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचतात आणि टाळ्या घेऊन उतरतात. पाय हलतात, ओठही हलतात, पण आवाज दुसऱ्याचा असतो. मूल रंगमंचावर जाऊन आले, पण बोलले काय? एक शब्दही नाही!

म्हणून एका वर्षी आम्ही काही पालकांनी मोलिएरचा कंजूष घ्यायचे ठरवले. मुलांना गोष्ट सांगितली आणि संवाद तुम्हीच रचा म्हटले. पहिल्याच दिवशी गाडी अडली. मूळ कंजूष पैशांची पेटी बागेत पुरतो. ‘आपल्या बागेत माळीकाका रोज खणतात, पेटी दुपारपर्यंतही टिकणार नाही,’ असे एका मुलीने सांगितले. मग पैसे ठेवायचे कुठे? पाण्याच्या टाकीत, लिफ्टच्या छपरावर, की गणपतीच्या वर्गणीच्या डब्यात? तासभर कडाक्याचे भांडण झाले आणि ते मराठीत झाले. घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा ‘अरे, डब्यात ठेवलेस तर कमिटी पावती फाडेल!’ असे म्हणाला. हे वाक्य आम्ही जसेच्या तसे नाटकात घेतले. प्रयोगात तोच कंजूष झाला आणि सर्वांत मोठा हशा त्यानेच घेतला.

त्या तासाभरात मला अत्र्यांची रीत उमगली. भाषा नुसत्या उपदेशाने टिकत नाही, ती कोणाला तरी हसवण्याची निकड लागली की आपोआप येते. वाक्य कुठे तोडायचे, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. ते समोरच्या हशातून कळते. शिवाय लहान वयात रंगमंचावर किंवा पडद्यावर जे मिळते, ते जन्मभर पुरते. अत्र्यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ चित्रपटातले श्याम, माधव वझे, पुढे पुण्यात नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून ओळखले गेले. प्रत्येक मूल नट होणार नाही, होऊही नये. पण चारचौघांत न अडखळता बोलणे कोणत्या धंद्यात उपयोगी पडत नाही?

व्यवहाराची एक बाब सांगायला हवी. अत्रे १९६९ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, म्हणजे त्यांची नाटके २०२९ अखेरपर्यंत परवानगी घेऊनच करायची. मोलिएरला मात्र कोणाची आडकाठी नाही. त्याचा कंजूष घ्या आणि त्याला तुमच्या सोसायटीतला एखादा फ्लॅट द्या. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवेश बसवायला महिन्याभराच्या संध्याकाळी पुरतात. पालकांनी एवढेच पथ्य पाळावे, की मुलांचे संवाद मुलांनाच रचू द्यावेत आणि चुकले तरी विंगेतून ओरडू नये. पैशांची पेटी कुठे लपवायची, ते ती शोधून काढतील.