कान देऊन (लेखांक १४) : कूलरचा खरज

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर की ट्रान्झिस्टरचा, हा विषय या आठवड्यात घेतो म्हणालो होतो. तो राहू द्या. मधल्या काळात अकोल्याच्या जठारपेठेतून एका वाचकांचं पत्र आलं आणि माझा सगळा बेत उधळला. त्यांच्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे, ३०० ओमवाला, मागून उघडा. फोनला छोटा डॉन्गल जोडून त्यावर ते गाणं ऐकतात. दिवाळीपासून होळीपर्यंत आवाज भरपूर होता, असं ते लिहितात. एप्रिल लागला आणि पुरेना. आवाज पूर्ण वर नेला तरी विलंबितातलं निम्मं हाती लागत नाही. तेव्हा ॲम्प्लिफायर घ्यावा का, आणि कोणता?

हेडफोन तोच, डॉन्गल तोच, ख्यालही तेच. बदलला तो फक्त महिना. आणि अकोल्यात एप्रिल लागला की घरात काय होतं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. खिडकीला कूलर लागतो.

माझ्या अमरावतीच्या खोलीत रात्री अकरानंतर, कूलर बंद असताना, फोनवरचं आवाज मोजायचं ॲप ३५ डेसिबलच्या आसपास दाखवतं. कूलर लावला की दिवाणावर बसल्या जागी ६२. फोनचं मोजमाप ढोबळच, पण दोन आकड्यांमधला फरक काही खोटा नाही. उघड्या हेडफोनला मागे जाळी असते. आतला आवाज तिच्यातून बाहेर जातो तसा बाहेरचा आत येतो, अडवणारं कुणी नाही. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ काढला तेव्हापासून या जातीची खुबी हीच आहे. कानांवर डबे पालथे घातल्यासारखं वाटत नाही, गाणं मोकळं वाटतं. त्या मोकळेपणात कूलरही मोकळेपणाने येऊन बसतो.

आता हा कूलर कोणत्या सुरात बोलतो, ते बघू. माझा हा जुना नाद आहे, तेव्हा थोडं सहन करा.

पत्र्याच्या कूलरमध्ये सहसा १८ इंची एक्झॉस्ट पंखा असतो. त्याची मोटर चार पोलची. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला १५०० फेरे घ्यायला बघते, आणि घसरण धरून १४०० च्या आसपास घेते. पाती तीन असली तर कोणत्याही एका जागेवरून मिनिटाला ४२०० वेळा पातं जाणार, म्हणजे सेकंदाला ७० वेळा. ७० हर्ट्झ. आता काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खरजाची तार घ्या. तिचा स्वर ६९.३ हर्ट्झ. काळी एक म्हणजे पुरुष गायकांची अगदी नेहमीची पट्टी. खरजाच्या तारेतून निघणारे उपस्वर १३९, २०८ असे चढत जातात. पंख्याचे उपस्वर १४०, २१० असे. जिना एकच, पायऱ्याही जवळपास त्याच. तुमच्या कानात तंबोरा खरज देतोय आणि खिडकीतून दुसरा कुणी तोच खरज, किंचित चढा, दामटून देतोय. संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर सुरू होऊन व्होल्टेज बसलं की पंखा जरा मंदावतो आणि हा दुसरा तंबोरा खाली उतरतो. आमच्या कूलरवाल्याला एकदा हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. त्याने पान्यावरून नजरही वर केली नाही. "भाऊ, मोटर चौदाशेची हाय, आवाज त येईनच."

येणारच. आणि त्यात कानाचा स्वभाव आडवा येतो. खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो, उलट दिशेने तितकं होत नाही. एरवी खरज नीट ऐकू आला नाही तरी कान त्याच्या उपस्वरांवरून तो मनातल्या मनात भरून काढतो. फोनच्या टिचभर स्पीकरवरही तंबोरा तंबोराच वाटतो, तो त्यामुळे. इथे मात्र खालचे उपस्वरही कूलरने अडवलेले. वर घोंघावणाऱ्या हवेचा सरसकट आवाज आहे, तो जवारीच्या झणकाराला खातो. स्त्रीस्वराला त्यातल्या त्यात सवलत. काळी चारचा खरज १०४ हर्ट्झवर बसतो, पंख्याच्या शिडीवर त्याची पायरी येत नाही. तरी हवेच्या घोंघाटातून सुटका त्यालाही नाही.

बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालं की वाटेत मूर्तिजापूर लागतं. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचं हे जंक्शन होतं. वसंतराव देशपांडे जन्मले ते या गावी, २ मे १९२० रोजी. म्हणजे भर उन्हाळ्यात आणि कूलर नसताना. पुढे नागपूर, शंकरराव सप्रे यांच्याकडचं शिक्षण, १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हेडफोन पारखायला मी त्यांचा मारवा लावतो, आणि त्यात गावचा अभिमान थोडाच आहे. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावण्याची रीत आहे. चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत, डोळे मिटून ती तार वेगळी काढता आली पाहिजे. दुसरं असं की वसंतराव कुजबुजल्यासारखा स्वर लावता लावता एकदम तुटून पडतात. कुठून कुठे जातील त्याचा नेम नाही. सगळ्यात हळू जागा आणि तबल्यासकट अंगावर येणारी सगळ्यात मोठी जागा यांत ३० डेसिबलचं अंतर धरून चला.

या ३० वरच आपला हिशेब उभा आहे.

खोली शांत असेल तर हळू जागा ५० डेसिबलला ऐकू आली तरी पोट भरतं. मग मोठी जागा ८० ला. एचडी ६०० ला एक मिलिवॅट दिला तर तो साधारण ९७ डेसिबल आवाज काढतो. ८० साठी त्याला एका मिलिवॅटचा पन्नासावा भाग पुरतो, म्हणजे ३०० ओमवर ०.०८ व्होल्टसुद्धा नाही. कोणताही फोन, कसलाही डॉन्गल हे हसत हसत देईल. आता कूलर लावा. ६२ डेसिबल जाळीतून थेट आत. हळू जागा त्याच्यावर काढायची तर ७० ला न्यावी लागते, आणि मोठी जागा आपोआप १०० ला जाते. त्याला दोन मिलिवॅट लागतात, ०.७७ व्होल्ट. ताकद शंभरपट वाढली. बरा डॉन्गल एक व्होल्ट देतो, तो कसाबसा निभावेल. स्वस्तातला अर्ध्या व्होल्टवर संपतो, तो निभावत नाही. त्यात ध्वनिमुद्रण जुन्या खासगी मैफलीचं, मुळातच हळू आवाजात भरलेलं असलं तर चांगल्या डॉन्गलचाही दम निघतो. जठारपेठेतल्या गृहस्थांच्या घरी होळीनंतर हेच घडलं असणार.

ॲम्प्लिफायर घेतला तर आवाज नक्की पुरेल. पण पुरेल तो कूलरच्या डोक्यावर पाय देऊन, आणि ते वजन कानावर पडणार. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी ८० डेसिबलची मर्यादा घातली आहे. ९० डेसिबलला तेच बजेट ४ तासांत संपतं. आमच्यासारखे लोक रात्री एक ख्याल म्हणून बसतात आणि तीन ऐकून उठतात. म्हणून माझं उत्तर सरळ आहे : तुमच्या हेडफोनला ॲम्प्लिफायर कमी पडत नाही, तुमच्या खोलीत कूलर जास्त होतोय. पैसे खर्च करायचेच तर तिकडे करा.

पहिला उपाय कूलरवाल्याकडेच आहे. १४०० च्या जागी ९०० फेऱ्यांची मोटर मिळते. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, तेव्हा वेग १४०० वरून ९०० वर आला की आवाज ९-१० डेसिबलने उतरायला हवा. पात्यांचा स्वरही ७० वरून ४५ हर्ट्झवर जातो, खरजाची पट्टी सोडून. हवा मात्र तिसऱ्या हिश्श्याने कमी होणार आणि घरातली माणसं तुमच्याकडे बघणार. ज्यांना ती नजर झेपत नाही त्यांनी निदान स्टँडच्या पायांखाली रबर घालावं, खिडकीचा खडखडणारा गज कापडाने आवळावा आणि ताट्या वेळेवर बदलाव्यात. चोंदलेल्या ताट्यांतून हवा ओढताना पंखा जास्तच कण्हतो.

दुसरा उपाय, आणि माझा आवडता : चैत्र लागला की उघडा हेडफोन डब्यात ठेवून द्यायचा आणि कानाच्या आत जाणारा इअरफोन काढायचा, फोमच्या बोंडांचा. बोंड चिमटीत गोल फिरवून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढायची, बोंड आत सारायचं आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. नीट बसलं की कूलर पंचवीसेक डेसिबलने मागे जातो. ६२ चे ३७ होतात, म्हणजे एप्रिलमध्ये जानेवारी. हे इअरफोन बहुतेक १६ ते ३२ ओमचे आणि थोड्या विजेवर भरपूर बोलणारे. साधा डॉन्गलही त्यांना जड नाही. तोटा असा की आपलंच आतलं सगळं ऐकू येतं. तोंडात सुपारी असली तर लय तिचीच.

यावर अनेकजण म्हणतील की इअरफोनमध्ये गाणं डोक्याच्या आत कोंडतं, उघड्या हेडफोनचा ऐसपैसपणा येत नाही. खरं आहे. शंभर वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्याला ते खुपेल. पण ख्यालात एक गळा, दोन तंबोरे, तबला आणि पेटी किंवा सारंगी. शिवाय आपण ज्यांच्यासाठी जीव टाकतो ती बरीच ध्वनिमुद्रणं मोनो. त्यांत डावं-उजवं नाहीच, उघड्या हेडफोनवरही ती कपाळाच्या मध्यावरच ऐकू येतात. ऐसपैसपणासाठी मी तंबोऱ्याचा खरज द्यायला तयार नाही.

आवाज मारणारे बिनतारी हेडफोन? बाहेरचा आवाज माइकने पकडायचा आणि त्याची उलटी लहर कानात सोडायची, ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. विमानाची एकसुरी घरघर आणि कूलरची घरघर एकाच कुळातली, त्यामुळे हे यंत्र आपल्याकडे फारच कामाचं आहे. फक्त त्यांतल्या पुष्कळांचा मूळ आवाज खर्जात फुगवलेला असतो. बायाँचा घुमारा सगळ्या बंदिशीवर पसरतो. ॲपमध्ये जाऊन तो खाली ओढा, मग वापरा. साधे बंद हेडफोन मात्र या कामाला मी सुचवणार नाही. वरचा घोंघाट ते चांगला अडवतात, पण ७० हर्ट्झला त्यांची भिंत पातळच. आणि रेक्झिनच्या गाद्यांत कान शिजतात. दोन उन्हाळ्यांत त्या गाद्यांचे काळे पापुद्रे सुटतात आणि घामाने गालाला चिकटतात. आरशात बघितल्याशिवाय कळत नाही, पाहुण्यांना आधी दिसतं.

ॲम्प्लिफायर कुणालाच नको असा याचा अर्थ कृपया काढू नका. हायफायमॅनच्या एचई-६ सारखा हेडफोन घ्या : ओम फक्त ५०, पण एका मिलिवॅटला आवाज ८३.५ डेसिबलच. १०० गाठायला त्याला ४५ मिलिवॅट लागतात, एचडी ६०० च्या वीसपटीहून जास्त. अशांना ॲम्प्लिफायर हवाच, कूलर असो वा नसो. दुकानात नुसते ओम विचारून परत येणाऱ्यांनी दुसरा आकडाही विचारत जावा.

परतवाड्याचे एक वाचक विचारतात की लाइट गेले आणि इन्व्हर्टर लागला की ॲम्प्लिफायर घूंऽऽ करतो, तो का? तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. वीज गोल लहरीऐवजी चौकोनी ठोक्यांत येते, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि त्या ठोक्यांचा कचरा गाण्यात झिरपतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या, नाहीतर लाइट येईपर्यंत फोन-डॉन्गलवर ऐका. फोन चार्जिंगला लावलेला नको.

राहिला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. तो शेजारी ठेवून तासभर बसायचं तर मे महिना ही वेळ नव्हे, काचेच्या त्या नळ्या आधीच तापट. मृग लागू द्या, कूलरचं पाणी तोडू, मग त्याच्याकडे वळू. पुढच्या आठवड्यात डॉन्गल.