नदीचे आरोग्य सांगणारे त्रस जीव

जैन आचारात पाणी गाळण्याइतकेच महत्त्व जीवाणीला आहे. गाळणीवर राहिलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत जपून परत सोडावेत, असा हा दंडक आहे. अशाच लहान त्रस जीवांवरून नदीची परीक्षा करण्याची शास्त्रीय पद्धत आज अनेक देशांत रूढ झाली आहे.

नदीच्या तळाशी, दगडगोट्यांच्या आडोशाला गोगलगायी, कृमी आणि अनेक कीटकांची पिल्ले राहतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय या कीटकांच्या पिल्लांना भरपूर प्राणवायू लागतो. सांडपाणी मिसळू लागले की ती लवकर नाहीशी होतात. गांडूळवर्गीय कृमी व चिलटांच्या लाल अळ्या मात्र घाणीतही तग धरतात. ब्रिटनमधील जुन्या पद्धतीत या जीवांच्या प्रत्येक कुळाला सहनशीलतेनुसार १ ते १० गुण दिले जात. नाजूक कुळांना अधिक. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशी जैविक कसोटी आखली आहे. बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाची शिल्लक सांगतो. तळाचे जीव मागील अनेक आठवड्यांचा खातेउतारा देतात.

इंग्लंडमधील केनेट नदीवर स्वयंसेवक ही तपासणी करतात. पायाने तळ ढवळायचा, प्रवाहाच्या खालच्या अंगास जाळी धरायची, पांढऱ्या तबकात जीव मोजायचे आणि पुन्हा त्याच पाण्यात सोडायचे. जुलै २०१३ मध्ये मार्लबरो गावाजवळ त्यांच्या जाळीत नेहमीचे जीव आढळेनात. तपासात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडले. सुमारे १५ किलोमीटरच्या पात्रातील कीटक व कोळंबीसारखे चिमुकले जीव नष्ट झाले होते. मोरीतून सांडपाणी केंद्रात आणि तेथून नदीत गेलेले औषध अवघे दोन चमचे असावे, असा अंदाज निघाला.

हेच औषध आपल्याकडे पिकांवर आणि वाळवीविरुद्ध वापरले गेले आहे. गोदामात वा दुकानात वाळवीचा उपचार करून घेतल्यावर उरलेले औषध आणि डबा धुतलेले पाणी मोरीत जाऊ देऊ नये; उपचार करणाऱ्यास ते परत नेण्यास सांगावे. पेलाभर पाण्यातील जीव जपणाऱ्या घराने मोरीतून वाहून जाणाऱ्या दोन चमच्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. जीवाणीचा दंडक तेथपर्यंत पोहोचला, तरच तो पूर्णपणे पाळला गेला असे म्हणता येईल.