अर्ध्या मायक्रॉनची चकाकी

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीच्या बंपरवर आपण ज्याला क्रोम म्हणतो, तो थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. आपल्याला दिसते ती चमक खरं तर त्याखालच्या निकेलची. निकेलचा थर 10 ते 30 मायक्रॉनचा, त्याखाली कधी तांबं आणि सगळ्यात खाली लोखंडी पत्रा. निकेल उघडं राहिलं की पिवळट पडतं, मंदावतं. वरचा क्रोम ते होऊ देत नाही. पण या क्रोमला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. निकेलही कुठे पातळ किंवा सच्छिद्र असेल, तर पाणी थेट लोखंडापर्यंत पोचतं आणि काही महिन्यांत तपकिरी ठिपका वर येतो. हा गंज क्रोमचा नाही, क्रोमखालून वर आलेला आहे. एवढं ध्यानात आलं की पॉलिशच्या डबीकडे जाणारा हात आपोआप सावकाश होतो.

हा गंज किती लवकर वर येईल, ते गाडी कुठल्या हवेत उभी आहे यावर ठरतं. संभाजीनगरहून पैठण रस्त्याने 14 किलोमीटर गेलं की चितेगाव लागतं. जुन्या गाडीच्या धातूला इथली हवा मानवते. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि समुद्र दूर. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर खारा वारा. त्या वाऱ्यातलं मीठ क्रोमच्या छिद्रांत शिरलं की गंजाला वेग येतो, आणि ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडी स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. म्हणून मुंबईत आयुष्य काढलेली गाडी मराठवाड्यात आणताना पट्ट्या उतरवून आतली बाजू आधी पाहावी. बाहेरची चमक तिथे काहीच सांगत नाही.

मराठवाड्याचे शत्रू वेगळे: धूळ आणि बोअरचं पाणी. धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात. गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की हेच कण पॉलिश पेपरचं काम करतात. रोज सकाळी झाडणीने गाडी झटकणारा माणूस प्रेमाने ते करतो, आणि दहा वर्षांत पट्टीवरची कोरीव रेघ बोथट होते. बोअरचं पाणी जड. बंपरवर ते उन्हात वाळलं की चुन्याचे गोल डाग बसतात, मग ते काढायला माणूस खरखरीत काहीतरी हातात घेतो. उपाय साधा आहे. सावलीत, भरपूर पाण्याने आधी धूळ वाहून जाऊ द्यायची, मग सौम्य साबण, आणि शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं. लगेच मऊ सुती कापडाने टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही.

इथे पद्मिनीचंच उदाहरण घेतलं, कारण ती महाराष्ट्राची गाडी आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लायमाउथ जुळवल्या गेल्या, मग फियाट आली. 1954 ची ती गुबगुबीत फियाट लोकांनी डुक्कर फियाट म्हणून घराघरांत नेली. 1964 साली 1100 डिलाइट आली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. मुंबईत पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची. 20 वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून उतरली. हजारो गाड्या भंगारात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे बंपर, जाळ्या, व्हीलकॅप. म्हणूनच आज ज्याच्या दारात एखादी उभी आहे, त्याच्याकडचा मूळ तुकडा मला मोलाचा वाटतो.

पहिलं काम धातू ओळखण्याचं, आणि त्यासाठी चुंबकावर फार भिस्त ठेवू नये. क्रोम केलेल्या लोखंडाला चुंबक चिकटतो, ॲल्युमिनियमला आणि जस्ताच्या ओतीव भागाला चिकटत नाही. स्टेनलेस मात्र फसवतं: काही जातींना चिकटत नाही, पण गाड्यांच्या पट्ट्यांसाठी सर्रास वापरली जाणारी 430 जातीची पट्टी त्याला धरते. त्यापेक्षा खराब झालेली जागा पाहावी. तपकिरी ठिपके असतील तर लोखंड. हलक्या पट्टीवर पांढरी पूड असेल तर ॲल्युमिनियम. हिरवट कड असेल तर पितळ किंवा तांबं. आणि क्रोमखाली पुरळासारखे फोड आले असतील, तर तो जस्ताचा ओतीव भाग: दाराची मूठ, अक्षरं, चिन्ह.

यातला सगळ्यात भाग्यवान धातू स्टेनलेस. त्यावर थर नसतो, आतबाहेर तो एकच. पट्टीला पोचा आला तर ती उतरवून, मागून लाकडी ठोकळा आणि हलकी हातोडी घेऊन तो उठवता येतो. मग बारीक कानस, 320 पासून 2000 नंबरपर्यंत पाण्यातला पॉलिश पेपर, शेवटी कापडी चाक आणि हिरवी बफिंगची वडी. चांगला कारागीर प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलतो; आधीच्या ओरखड्यांची शेवटची रेघ गेल्याशिवाय पुढचा पेपर उचलत नाही. 1930 च्या फोर्ड मॉडेल ए गाडीची रेडिएटरची चौकट स्टेनलेसची होती, आणि त्यातल्या कित्येक आजही नव्यासारख्या उजळतात.

ॲल्युमिनियमच्या पट्टीवर हाच प्रयोग केला तर घात होतो. तिच्यावर विजेने वाढवलेला ऑक्साइडचा काही मायक्रॉनचा पारदर्शक थर असतो. बफिंगचं चाक तो खाऊन टाकतं. त्या दिवशी पट्टी आरशासारखी दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात पांढरट होते. कॉस्टिक सोडा असलेलं कोणतंही क्लीनर तर हा थर विरघळवूनच टाकतं. दिवाळीला घरातली पितळी भांडी चिंच आणि राखेने लखलखीत होतात म्हणून तोच हात गाडीवर फिरवू नये. पितळेत झिजायला धातू शिल्लक असतो, इथे नाही.

संभाजीनगरच्या माणसाला हे बिदरीवरून चटकन कळावं. बीदरची ही कला आपल्या शहरातही रुजली. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, चांदी जडवतात, आणि नवसागर मिसळलेल्या मातीचा लेप देऊन जस्त काळं करतात. तो काळेपणा म्हणजेच बिदरी. चांदी उजळावी म्हणून कुणी अख्खं भांडं खरवडलं, तर काळेपणा जातो आणि उरतं राखाडी जस्त. वर दिसणारा थर हीच वस्तू आहे, हे बिदरीवाल्याला शिकवावं लागत नाही; गाडीवाल्याला लागतं.

क्रोमवर हलका गंज असेल तर ॲल्युमिनियमच्या फॉईलचा बोळा पाण्यात भिजवून अगदी हळू फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, म्हणून गंज निघतो आणि क्रोम सहसा शाबूत राहतो. खालचा खड्डा भरत नाही. तो भरला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मग धुऊन, पूर्ण कोरडं करून मेणाचा पातळ हात द्यावा. छिद्रं बुजवणं हे मेणाचं खरं काम, चमक आनुषंगिक. बंपरच्या मागच्या बाजूला तर मेण आणखी गरजेचं, कारण तिथे मुळात थर पातळ बसतो आणि चिखल साचतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट ओढून गाडी ठेवण्यापेक्षा हवा खेळणारी शेड बरी. आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी शेजारी नको. तिच्यातून उडणारा आम्लाचा तुषार क्रोमवर बसतो.

निकेल संपून लोखंड उघडं पडलं, की पुन्हा प्लेटिंग करण्यावाचून गत्यंतर नसतं. तिथेही किंमत मोजावी लागते. जुना थर तेजाबात उतरवतात, खड्डे जाईपर्यंत पत्रा घासतात, तांबं चढवून पुन्हा घासतात, मग निकेल आणि क्रोम. या घासण्यात कडा गोल होतात, चिन्हावरची अक्षरं पुसट होतात. जस्ताचा भाग आम्लात जास्त वेळ राहिला तर हाती चाळणीच येते. शिवाय जुन्या पद्धतीच्या हौदात सहा-संयुजी क्रोमियम असतं. त्याची वाफ कामगाराच्या फुप्फुसांत कर्करोग पेरते आणि सांडपाणी विहिरींना लागतं. स्वस्तात, मागच्या गल्लीत क्रोम करून देणाऱ्याचं बिल दुसरंच कुणीतरी भरत असतं, हे गाडीच्या हौशी मालकाने विसरू नये. तीन-संयुजी क्रोमची पद्धत त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे, पण तिची झाक थोडी गडद. एक बंपर जुना आणि दुसरा असा नवा ठेवला, तर फरक उन्हात दिसतो. मला तो फरक खुपत नाही. जुना बंपर केवळ जोडी जुळावी म्हणून हौदात घालणं मात्र खुपतं.

जुलै 2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही इंग्रजी अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. नियमाचा कटाक्ष सांगाड्यावर, बॉडीवर आणि इंजिनावर आहे; पट्ट्यांचा हिशोब कोणी मागत नाही. तो मालकानेच ठेवायचा: काम करण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो, कोणत्या पट्टीला कोणती क्लिप होती याची नोंद, आणि बदललेला जुना तुकडा मेण लावून, कापडात गुंडाळून, नाव लिहून ठेवलेला. पद्मिनीच्या जुन्या गाड्या आता एकेक करून या पन्नाशीत शिरत आहेत.