निविदा जिंकणे सोपे, प्रकल्प निभावणे कठीण

साबण किंवा मोटार विकणारी कंपनी वस्तू आधी तयार करते आणि मग तिची किंमत ठरवते. पूल, रुग्णालय किंवा तेलशुद्धीकरण कारखाना उभारणाऱ्या कंपनीचे गणित नेमके उलटे असते. तिला किंमत आधी सांगावी लागते. वस्तू चार-पाच वर्षांनी उभी राहते. दरम्यान पोलाद महागते, जमिनीखाली अनपेक्षित खडक लागतो, चलनाचा दर घसरतो. जागतिक बाजारपेठेत अशा कंपन्यांची खरी कसोटी असते ती या अनिश्चिततेची किंमत अचूक ओळखण्याची.

ती ओळखता आली नाही की काय होते, हे ब्रिटनमधील कॅरिलियन कंपनीने दाखवून दिले. ब्रिटनसह कॅनडा आणि आखाती देशांत कामे करणारी, सुमारे ४३ हजार कर्मचाऱ्यांची ही कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. त्या वेळी तिच्यावर सुमारे सात अब्ज पौंडांची देणी होती आणि हाती रोख होती अवघी २ कोटी ९० लाख पौंड. त्याआधी सहाच महिने, जुलै २०१७ मध्ये, तोट्यातील कंत्राटांपोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद करण्याची वेळ तिच्यावर आली होती. कंपनीकडे कामांची कमतरता नव्हती. मात्र अनेक कामांतून अपेक्षित पैसा येणारच नव्हता. लिव्हरपूलमधील तिचे अर्धवट रुग्णालय २०१७ ऐवजी २०२२ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले.

जोखमीची वाटणी

या धड्याचा पहिला अर्थ असा, की प्रत्येक निविदेमागे धावणे म्हणजे स्पर्धा नव्हे. एकरकमी कंत्राटात दरवाढीचा भार कंत्राटदारावर पडतो. दरवाढीचे कलम असेल तर तो ग्राहकाशी वाटून घेता येतो. जमिनीखालील अडचणींची जबाबदारी कोणाची, विलंबाचा दंड किती आणि वाद लवादापुढे कुठे चालणार, हे प्रश्न म्हणूनच किमतीइतकेच महत्त्वाचे ठरतात. अटी जाचक असतील तर मोठे कामही सोडून देण्याचे धैर्य लागते.

दुसरा मार्ग भागीदारीचा. जपानच्या अर्थसाह्याने उभारलेला आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला मुंबईचा अटल सेतू हे त्याचे जवळचे उदाहरण. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूच्या बांधकामाचे तीन भाग पाडण्यात आले. एका भागात लार्सन अँड टुब्रोसोबत जपानची आयएचआय, तर दुसऱ्यात टाटा प्रोजेक्ट्ससोबत कोरियाची देवू होती. १८० मीटरपर्यंतच्या गाळ्यांसाठी भारतात प्रथमच विशिष्ट प्रकारचे पोलादी पृष्ठभाग वापरण्यात आले. अशा कामात परदेशी कंपनीला स्थानिक यंत्रणेची जाण मिळते आणि स्थानिक कंपनीच्या पदरी नवे तंत्रज्ञान पडते. जोखीमही एकाच्याच डोक्यावर राहत नाही.

अनुभवाचे भांडवल

तिसरी गोष्ट दिशा ठरविण्याची. दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत सुरू केलेली लार्सन अँड टुब्रो प्रारंभी डेन्मार्कची दुग्धव्यवसायाची यंत्रे आयात करून विकत असे. युद्धकाळात आयात आटली, तेव्हा ती दुरुस्ती व निर्मितीकडे वळली. पुढे सिमेंटचा व्यवसाय २००४ मध्ये आणि विद्युत उपकरणांचा २०२० मध्ये तिने सोडला व अभियांत्रिकी प्रकल्पांवर भर दिला. आज पश्चिम आशिया ही तिची महत्त्वाची बाजारपेठ आहे.

मात्र प्रकल्प संपला की चमू पांगतो आणि त्याच्यासोबत शिकलेले धडेही निघून जातात. कोणता अंदाज कुठे चुकला, कोणत्या उपकंत्राटदाराने शब्द पाळला, याची नोंद पुढच्या निविदेपर्यंत पोहोचली तरच अनुभवाला मोल राहते.

हा प्रश्न केवळ भागधारकांचा नाही. अवास्तव स्वस्त दराने घेतलेले काम रखडले की उपकंत्राटदारांची बिले थकतात, मजुरांचा रोजगार जातो आणि अर्धवट रुग्णालयाचा खर्च करदात्याच्या माथी पडतो. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम देताना ती बोली निभावणार कशी, हे विचारण्याची जबाबदारी म्हणूनच ग्राहक असलेल्या शासनाचीही आहे.