न काढलेल्या फोटोंचा माहितीपट

मुंबईत १९९५ साली स्त्री संगम हा लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांचा गट सुरू झाला; पुढे तोच ‘लाबिया’ झाला. अशा गटाच्या पहिल्या वर्षांवर माहितीपट करायचा, तर दाखवायचे काय इथूनच अडते. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ होते, घरचे होते, नोकरी होती. बैठकीत कॅमेरा काढला की कुणीतरी अडचणीत येणार. म्हणून काम कागदापासून सुरू होते: पत्रके, पत्रे, कात्रणे. डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या चित्रपटाचे खेळ मुंबई-दिल्लीत बंद पाडले गेले, तेव्हा दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर बायका ‘भारतीय आणि लेस्बियन’ असा फलक घेऊन उघड उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळचे फोटो मिळतात. घरात भरलेल्या बैठकांचे मिळणे कठीण.

मग मुलाखती. आधी नुसता आवाज घ्यावा, कॅमेरा नंतर. चेहरा लपवायचा असेल तर बाईला खिडकीकडे पाठ करून बसवतात. उजेड मागून येतो, समोर फक्त आकृती उरते. संगणकावर चेहरा पुसट करण्यापेक्षा हे बरे, कारण मूळ फुटेजमध्येही तो सहसा उमटत नाही. पण भिंतीवरचे दुकानाचे कॅलेंडर, खिडकीबाहेरची टाकी, बोलण्यातला वऱ्हाडी हेल? मुंबईच्या गर्दीत हे खपून जाते. वर्ध्याच्या बजाज चौकात एवढ्यावर घर ओळखतील.

खरी कसोटी संमतीपत्राची. २००३ साली मुंबईत ‘लर्जिश’ हा लैंगिकतेवरचा चित्रपट महोत्सव भरला. त्या काळी होकार देणारीच्या डोळ्यांपुढे फार तर एक सभागृह असणार. आज तीच क्लिप आर्वीतल्या भावजयीच्या मोबाइलवर येते. म्हणून महोत्सव, टीव्ही, यूट्यूब यांची संमती वेगवेगळी घ्यावी आणि कच्चे संकलन दाखवून पुन्हा विचारावे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ३७७ खालचा तो गुन्हा संपला. नातेवाईक आहेत तिथेच आहेत.

शेवटी त्या काळच्या व्हिडिओ टेपा. मिनी डीव्हीची तासाची टेप संगणकावर उतरवायला तासच लागतो, जागा सुमारे १३ जीबी. दमट कपाटात तिला बुरशी धरते. टी. जयश्री यांनी ‘मेनी पीपल, मेनी डिझायर्स’ या माहितीपटासाठी केलेले चित्रण आता बंगळुरूच्या ‘कमरा’ या क्विअर अभिलेखागारात आहे. न वापरलेले फुटेज असे सोपवताना प्रत्येक टेपसोबत लिहून द्यावे: कोणी पाहायची, आणि कधीपासून.